न उघडता केलेली रुजुवात

१

कोणतीही कचेरी चालते, ती तीत कधीच न चुकणारी माणसे असतात म्हणून नव्हे. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून ज्या दिवशी कुणीतरी कामाची पद्धत घातली, त्या दिवशी कचेरी ह्या संस्थेचा जन्म झाला असे म्हणावयास हरकत नाही. रोकड एकाने मोजावी व वहीत दुसऱ्याने लिहावी. नक्कल एकाने करावी व मूळ कागदाशी ती दुसऱ्याने ताडून पाहावी. बेरजा उभ्या व आडव्या अशा दोन्ही रीतींनी जुळवाव्या. मराठ्यांच्या जुन्या दप्तरी भाषेत ह्या ताडून पाहण्यास रुजुवात असा शब्द आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य परप्रांतातील कचेऱ्यांत ह्याच कामात चालले आहे; तेव्हा तिचे महत्त्व त्यांस निराळे सांगावयास नको.

रुजुवातीत एक साधे गणित दडलेले आहे. एक कारकून शंभर नोंदींत एकदा चुकतो असे धरू. तीच नोंद तिघांनी स्वतंत्रपणे केली व दोघांचे मत ते खरे मानले, तर निर्णय चुकण्यास तिघांपैकी दोघे एकाच जागी चुकावे लागतील. आणि असा योग दहा हजारांत सुमारे तीनदाच येईल. माणसे तीच, त्यांची बुद्धी तीच, लक्षही तितकेच. परंतु मांडणी बदलल्याने कामाचा भरवसा तीस पटींहून अधिक वाढला.

गणकयंत्रांचा इतिहास हा एका अर्थी ह्या गणिताचाच इतिहास आहे. आज ज्या यंत्राविषयी वृत्तपत्रांतून वरचेवर चमत्कारिक मजकूर छापून येतो, त्या क्वांटम संगणकाची कथा तर त्यावाचून समजतच नाही. कारण ह्या यंत्राच्या वाट्यास असा विलक्षण प्रसंग आला की, रुजुवात करण्यास खुद्द निसर्गानेच मनाई केली आहे, असे भल्याभल्यांस वाटू लागले. ती मनाई खरी होती की भासमान, तो पेच कसा सुटला आणि सुटल्यावरही कोणते काम शिल्लक राहिले, हे क्रमाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

२

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एनिॲक नावाचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र लोकांपुढे आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. आपल्या घरच्या जुन्या रेडिओत ज्या चारपाच काचेच्या नळ्या तांबूस उजळत असत, त्याच जातीच्या ह्या नळ्या. रेडिओतील एखादी नळी वर्षा-दोन वर्षांनी गेली तर घरात फारशी खळबळ होत नाही. पण अठरा हजार नळ्यांचे यंत्र त्याच हिशेबाने चालवू गेल्यास दिवसाकाठी कितीदा थांबेल, हे सहज ध्यानी येईल. नळ्यांवर त्यांच्या ऐपतीहून पुष्कळ कमी भार टाकावयाचा, आणि यंत्र होता होईतो बंद करावयाचे नाही, अशा युक्त्या एकर्ट आणि मॉचली ह्या त्याच्या निर्मात्यांनी योजल्या. यंत्र चालले. परंतु ‘मोठे यंत्र म्हणजे बिघाडाची मोठी संधी’ हा धडा त्या पिढीच्या मनावर कायमचा कोरला गेला.

त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे एक तरुण गणिती काम करीत होते. तेथील गणकयंत्रास चूक ओळखता येई, पण ती सापडताच ते हातचे काम सोडून पुढच्या कामास लागे. आठवड्याच्या सुट्टीत यंत्रावर सोपविलेले काम सोमवारी पाहावे तो अर्धवट टाकलेले, असा अनुभव त्यांस आला. चूक झाली हे जर यंत्रास कळते, तर ती कोठे झाली हेही त्यास का कळू नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्याचे उत्तर आहे. चार अंकांच्या मजकुरास तपासणीचे तीन अंक जोडले, की त्या सातांत कोठेही एक चूक झाली तरी तिची नेमकी जागा सापडते आणि ती दुरुस्त करता येते. उभ्या-आडव्या बेरजांतून चुकलेला रकाना शोधणाऱ्या हिशेबनीसाचीच ही रीत. फक्त तिला गणिताची शिस्त लाभली होती.

ह्याच्याही पुढे एक पाऊल जॉन फॉन नॉयमन ह्यांनी टाकले. जानेवारी १९५२ मध्ये पॅसाडेना येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी असा प्रश्न घेतला की, तपासणी करणारे अवयवही जर चुकणारेच असले तर काय करावे? तपासनिसावर तपासनीस नेमण्यास अंत नाही. त्यांनी दाखविले की, प्रत्येक अवयवाची चूक ठराविक मर्यादेच्या खाली असेल, तर पुष्कळ अवयवांची योग्य जुळणी करून सबंध यंत्राचा भरवसा हवा तितका वाढविता येतो. ती मर्यादा ओलांडली असेल, तर मात्र अवयव वाढवून काहीच साधत नाही. चूक ही बाहेरून येणारी आपत्ती नसून कार्याचाच एक भाग आहे, आणि तिचा विचार यंत्राच्या रचनेतच व्हावयास हवा, ही त्यांची दृष्टी होती. हा निबंध १९५६ साली छापून निघाला.

पण त्यास व्यवहारात फारसे कुणी विचारले नाही. निर्वात नळ्या जाऊन ट्रांझिस्टर आले. ट्रांझिस्टर एकाच चकतीवर हजारोंनी, मग कोट्यवधींनी बसू लागले. आणि हा नवा अवयव इतका विश्वासू निघाला की, फॉन नॉयमन ह्यांच्या त्या खटाटोपाची साध्या गणकयंत्रास गरजच उरली नाही. सुमारे चाळीस वर्षे तो विचार ग्रंथालयाच्या कपाटात राहिला.

३

मे १९८१ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत रिचर्ड फाइनमन ह्यांनी असे प्रतिपादन केले की, अणुरेणूंचे वर्तन पुंजयामिकीच्या नियमांनी चालते, आणि साध्या गणकयंत्रावर त्याची नक्कल उतरवू जाता गणिताचा पसारा आवाक्याबाहेर वाढतो. तेव्हा त्याच नियमांनी चालणारे गणकयंत्र का करू नये? १९८५ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइच ह्यांनी अशा यंत्राची सैद्धांतिक रूपरेषा आखली. ह्या यंत्राच्या मूळ घटकास पुढे क्यूबिट हे नाव पडले. साध्या गणकयंत्रातील बिट एकतर ० असतो किंवा १. क्यूबिट ह्या दोहोंच्या अशा मिश्रणात राहू शकतो, की ज्यात ० चा अंश किती आणि १ चा किती एवढेच नव्हे, तर त्या दोन लहरींत पुढेमागे किती अंतर आहे, ह्यालाही अर्थ असतो. ह्या अंतरास आपल्या शास्त्रीय परिभाषेत कला म्हणतात. पुष्कळ क्यूबिट एकमेकांत गुंतवून लहरींची मांडणी अशी साधावयाची की, चुकीच्या उत्तरांच्या लहरींनी एकमेकींस मारावे आणि खऱ्या उत्तराच्या लहरींनी एकमेकींस उचलून धरावे, हे ह्या गणनेचे मर्म होय. सगळी उत्तरे हे यंत्र एकदम तपासते, असे जे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नव्हे.

१९९४ पर्यंत हा विषय थोड्या विद्वानांच्या कुतूहलाचा होता. त्या वर्षी बेल प्रयोगशाळेतीलच पीटर शोर ह्यांनी दाखविले की, अशा यंत्राने प्रचंड संख्येचे अवयव झपाट्याने पाडता येतील. ही गोष्ट गणितज्ञांपुरती राहण्यासारखी नव्हती. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन ह्यांनी निर्मिलेली, व पुढे बँका, कचेऱ्या आणि सरकारे ह्यांच्या गुप्त व्यवहारांत सर्वत्र पसरलेली कुलपे ह्याच एका भरवशावर उभी होती की, मोठ्या संख्येचे अवयव पाडणे व्यवहारतः अशक्य आहे. यंत्र होण्यापूर्वीच त्याची किल्ली कागदावर तयार झाली.

परंतु यंत्र होणार कसे? क्यूबिट ही अत्यंत नाजूक वस्तू. थोडी उष्णता, एखादी भटकी विद्युल्लहर, इतकेच काय पण शेजारचा क्यूबिट, एवढ्यानेही त्याची मिश्र स्थिती मोडते. कागदावरील हिशेबास अब्जावधी क्रिया लागणार, आणि प्रत्यक्ष क्यूबिट शेकडा-हजार क्रियांतच बिघडणार. अर्थात रुजुवात हवी. आणि येथेच निसर्गाच्या तीन मनाया आडव्या आल्या.

पहिली मनाई नकलेची. अज्ञात क्यूबिटाची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे वूटर्स व झुरेक ह्यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स ह्यांनी, १९८२ सालीच सिद्ध केले होते. मग एका नोंदीच्या तीन नोंदी करावयाच्या कशा? दुसरी मनाई पाहण्याची. क्यूबिट मोजून पाहिला की त्याचे मिश्रण नाहीसे होते व हाती नुसता ० किंवा १ उरतो. तपासणी हाच नाश. तिसरी अडचण चुकीच्या स्वरूपाची. साधा बिट चुकला तर पुरता उलटतो. क्यूबिट मात्र केसभर कलू शकतो, त्याहून किंचित अधिक कलू शकतो, आणि असे अगणित प्रकारांनी चुकू शकतो. ज्या चुकांची यादीच होऊ शकत नाही, त्या दुरुस्त कशा व्हाव्या?

म्हणून त्या काळच्या शंकेखोरांस अरसिक म्हणणे अन्यायाचे होईल. आयबीएमचे रॉल्फ लँडावर हे गणनेच्या भौतिकशास्त्रातले थोर अभ्यासक. अशा यंत्रावरील प्रत्येक निबंधाच्या तळाशी, ‘ही योजना काल्पनिक साधनांवर उभी असून तीत अवयवांच्या दोषांचा विचार केलेला नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी, असे त्यांचे म्हणणे असे. फ्रान्समधील आरोश आणि रेमाँ ह्यांनी १९९६ साली लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच हे स्वप्न आहे की दुःस्वप्न असा सवाल होता. ह्याच आरोश ह्यांस एकेकटे क्वांटम कण हाताळण्याच्या प्रयोगांसाठी पुढे २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्यांच्या बोटांना क्यूबिटाचा नाजूकपणा सर्वांत जास्त ठाऊक होता, तेच सर्वांत साशंक होते.

४

ह्या पेचातून वाट काढली ती पुन्हा शोर ह्यांनीच. १९९५ साली त्यांनी एका क्यूबिटाचा आशय नऊ क्यूबिटांत वाटून ठेवण्याची रीत सांगितली. पुढल्या वर्षी ऑक्सफर्डच्या अँड्रू स्टीन ह्यांनी तेच काम सातांत करून दाखविले, आणि त्यांच्या रचनेचा पाया हॅमिंग ह्यांची सात अंकांचीच जुनी मांडणी होता.

युक्ती समजावयास कचेरीतलाच दाखला घेऊ. लाखेने मोहोरबंद केलेले दोन लखोटे टेबलावर आहेत. आत काय लिहिले आहे हे पाहण्याची परवानगी नाही. पण दोन्ही लखोटे तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले, तर वजन सारखे आहे की नाही एवढे न उघडताच कळते. प्रत्येकाचे वजन किती, हेही कळत नाही. कळते ते फक्त दोघांतले साम्य. शोर ह्यांची रुजुवात अशीच आहे. ‘तू काय आहेस?’ असे कोणत्याच क्यूबिटास विचारावयाचे नाही. ‘तुम्ही दोघे जुळता का?’ एवढेच जोडीस विचारावयाचे. आशय कोणा एका क्यूबिटात नसून सगळ्यांच्या परस्परसंबंधात गुंतलेला असतो. त्यामुळे ह्या प्रश्नाने आशयास धक्का लागत नाही, आणि चुकलेला मात्र उघडा पडतो. नऊ क्यूबिटांचे तीन गट. गटातल्या गटात ० व १ च्या उलटापालटीची रुजुवात, आणि गटागटांत कलेची रुजुवात. नक्कल कोठेच केलेली नाही, आणि आतला मजकूर कुणी वाचलेलाही नाही. दोन्ही मनाया जशाच्या तशा पाळल्या, आणि तरी काम झाले.

तिसरी अडचण तर ह्याहूनही सुंदर रीतीने सुटली. समजा, क्यूबिट केसभर कलला आहे. जुळणीच्या प्रश्नास उत्तरे दोनच: जुळते, अथवा जुळत नाही. पुंजयामिकीचा नियमच असा की, प्रश्न विचारताच त्या कललेल्या क्यूबिटास दोहोंपैकी एक बाजू घ्यावी लागते. बहुतेक वेळा ‘जुळते’ हे उत्तर येते आणि तो बारीक कल त्या क्षणी पुसला जातो. क्वचित ‘जुळत नाही’ हे उत्तर येते, तेव्हा कल वाढून पुरी चूक होते, पण पुरी चूक दुरुस्त करणे तर आपल्यास ठाऊकच आहे. जी मोजणी शत्रू म्हणून पुढे आली होती, तीच अशा रीतीने अगणित चुकांस मोजक्या प्रकारांत आणून बसविणारी सहायक ठरली.

आता उरला तो फॉन नॉयमन ह्यांचा प्रश्न. तपासणी करणारे क्यूबिटही चुकणारेच. रुजुवातीतून नव्या चुका उपजल्या तर? १९९६ पासूनच्या दोन-तीन वर्षांत जेरुसलेम येथे अहरोनोव व बेन-ऑर, मॉस्को येथे अलेक्सी किताएव, आणि अमेरिकेत लॉस ॲलामॉस येथे निल, लाफ्लाम व झुरेक ह्यांनी निरनिराळ्या मार्गांनी एकच सिद्धांत काढला. चुकीचे प्रमाण एका उंबरठ्याच्या खाली असेल, तर क्वांटम गणना हवी तितकी लांब आणि हवी तितकी अचूक चालविता येते, आणि त्यासाठीचा खर्चही बेसुमार वाढत नाही. उंबरठ्याच्या वर असाल, तर क्यूबिट जितके अधिक जोडाल तितका घोटाळा अधिक. कपाटातला जुना विचार अशा रीतीने पुन्हा मेजावर आला, आणि ह्या वेळी त्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा उंबरठा प्रारंभी फार खाली होता. हजारो क्रियांत एखादीच चूक खपेल इतका खाली. परंतु किताएव ह्यांनी १९९७ साली क्यूबिटांची एक जाळी सुचविली होती. तीत प्रत्येक तपासणी फक्त शेजारच्या चार क्यूबिटांची, दूरचे कुणी जोडावे लागत नाही. ह्या जाळीच्या सुधारलेल्या मांडणीत उंबरठा शेकडा एकाच्या घरात आहे, असे २००७ च्या सुमारास दिसून आले. शंभरांत एक चूक! येथपर्यंत माणसाचा हात पोहोचणे शक्य होते.

५

कागदावरची गोष्ट वस्तूत उतरण्यास मात्र पंचवीस वर्षे लागली. १९९५ साली अमेरिकेत बोल्डर येथे वाइनलँड व मन्रो ह्यांनी सापळ्यात धरलेल्या एका आयनावर पहिली क्वांटम तर्कक्रिया करून दाखविली. १९९९ साली जपानमध्ये त्सुकुबा येथे नाकामुरा, पाश्किन आणि त्साई ह्यांनी अतिसंवाहक विद्युन्मंडलाचा क्यूबिट केला. त्याची मिश्र स्थिती काही नॅनोसेकंदच, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांशच टिकली. २००१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत सात अणुगर्भांच्या साहाय्याने शोर ह्यांच्या रीतीने १५ चे अवयव ३ आणि ५ असे पाडण्यात आले. उत्तर शाळकरी मुलाच्या तोंडी असणारे. शिवाय ती पद्धत मोठ्या यंत्रास लावता येणारी नव्हती, कारण कण वाढविले की संकेत क्षीण होत जाई.

खरी प्रगती गाजावाजाविना झाली. विद्युन्मंडलाचा आकार, धातूचा थर, पृष्ठभागावरची अशुद्धता, तारांतून येणारा कोलाहल ह्यांवर वर्षानुवर्षे मेहनत झाली. २००७ साली येल विद्यापीठात ट्रान्समॉन ही नवी रचना निघाली. यंत्र निरपेक्ष शून्याहून केवळ काही सहस्रांश अंश वर, आंतरतारकीय अवकाशाहूनही थंड अशा पात्रात ठेवावे लागते. तेथे क्यूबिटाचे आयुष्य मायक्रोसेकंदांत, मग दहा मायक्रोसेकंदांत, मग शंभराच्या घरात गेले. ह्या विद्युन्मंडलांचा पाया घालणाऱ्या १९८४-८५ च्या प्रयोगांबद्दल क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस ह्यांस २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृत्तपत्रांत गाजले ते मात्र निराळेच. २०१९ साली गूगलच्या ५३ क्यूबिटांच्या यंत्राने, महासंगणकास १०,००० वर्षे लागतील असे एक काम २०० सेकंदांत केले, असा दावा झाला. आयबीएमने ते काम अडीच दिवसांत होण्यासारखे आहे असे उत्तर दिले. त्या कामाचा व्यवहारास उपयोग नव्हता, आणि त्यात रुजुवातही नव्हती. पुढे क्यूबिटांच्या संख्येची शर्यत लागली. २०२३ च्या अखेरीस आयबीएमने १,१२१ क्यूबिटांची चकती जाहीर केली. परंतु उंबरठ्याचा सिद्धांत ज्यास ठाऊक आहे, तो संख्येने दिपत नाही. तो एवढेच विचारील: यंत्र मोठे केल्यावर चूक कमी झाली की वाढली?

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम २०२३ च्या फेब्रुवारीत मिळाले, आणि ते मोठे मार्मिक होते. गूगलच्या त्याच गटाने एक सुरक्षित क्यूबिट १७ क्यूबिटांच्या जाळीत ठेवला, तेव्हा रुजुवातीच्या दर फेरीस शेकडा ३.०२८ चुका झाल्या. तोच ४९ क्यूबिटांच्या जाळीत ठेवला, तेव्हा २.९१४. फरक नखाएवढा; पण दिशा बदलली होती. २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चांगल्या क्यूबिटांच्या नव्या चकतीवर १०१ क्यूबिटांची जाळी झाली, आणि चूक शेकडा ०.१४३ वर आली. जाळी एकेक पायरी वाढविली की चूक निम्म्याहून कमी होई. आणि सुरक्षित क्यूबिटाचे आयुष्य त्या चकतीवरील सर्वांत चांगल्या सुट्या क्यूबिटाच्या आयुष्याच्या सुमारे २.४ पट भरले. फॉन नॉयमन ह्यांच्या व्याख्यानास त्या वेळी बहात्तर वर्षे, आणि शोर ह्यांच्या नऊ क्यूबिटांस एकोणतीस वर्षे झाली होती. वाढीने बिघाड न वाढता भरवसा वाढतो, हे क्वांटम जगात प्रत्यक्ष दिसले.

६

येथे कथा संपविली असती तर ती सुखान्त झाली असती. पण अपुरी झाली असती. ह्या प्रयोगात केले गेले ते एका क्यूबिटाचा आशय जपून ठेवण्याचे काम. जपणे निराळे आणि त्यावर गणना करणे निराळे. काही क्रिया सुरक्षित जाळीवर सहज होतात, काहींसाठी मात्र खास स्थिती वेगळी शिजवून, गाळून, शुद्ध करून आणावी लागते, आणि यंत्राचा मोठा भाग ह्या गाळणीतच गुंततो. शिवाय सातशे फेऱ्यांत एक चूक हे प्रमाण अजून फार मोठे आहे. ते दहा लाखांत एकावर आणावयाचे, तर क्यूबिटांचा हाच दर्जा धरून एका सुरक्षित क्यूबिटास १,४५७ क्यूबिट लागतील, असा त्या संशोधकांचाच अंदाज आहे. असे हजारो सुरक्षित क्यूबिट हवे असतील, तर एकूण बेरीज वाचकांनीच करावी. प्रत्येक क्यूबिटास आपल्या तारा, त्या तारा त्या अतिशीत पात्रात उतरावयाच्या, आणि प्रत्येक तारेबरोबर थोडी उष्णता खाली येणार. त्यातच रुजुवातीची फेरी सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा होते, आणि तिचे निकाल वाचून चूक कोठे झाली हे साध्या गणकयंत्राने त्याच वेगाने ठरविले पाहिजे. टिपणांचा ढीग साचला की काम थांबलेच.

आणखी एक संकट आहे. तीन कारकुनांचे आमचे गणित, ते तिघे स्वतंत्रपणे चुकतात ह्या गृहीतावर उभे आहे. तिघेही एकाच दिवशी तापाने पडले तर रुजुवात कोण करणार? अंतराळातून येणारे विश्वकिरण आणि आसपासचा किरणोत्सर्ग हे येथे साथीच्या तापाचे काम करतात. गूगलच्या एका चकतीवर असा आघात दर दहा सेकंदांस एकदा होऊन पुष्कळ क्यूबिट एकदम बिघडत असल्याचे २०२१-२२ मध्ये आढळले. नव्या चकतीत त्यावर पुष्कळ उपाय झाले. तरीही सुमारे तासातून एकदा सामुदायिक चुकांचा लोंढा येतोच, असे २०२४ च्या प्रयोगात दिसले.

मार्गही एकच नाही. हार्वर्ड येथील गटाने २०२३ च्या डिसेंबरात प्रकाशाच्या चिमट्यांत धरलेल्या २८० पर्यंत अणूंतून ४८ सुरक्षित क्यूबिट उभे केले. आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ साली २८८ क्यूबिटांत १२ सुरक्षित क्यूबिट बसविण्याची काटकसरीची मांडणी सुचविली. पण तीत दूरदूरच्या क्यूबिटांस जोडणाऱ्या तारा लागतात. एकीकडे बचत करावी तर दुसरीकडे खर्च निघतो. अंदाजपत्रके करणारांस हा अनुभव नवा नाही.

तरीही अंदाज खाली येत आहेत, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. प्रचलित २०४८ बिटांचे कुलूप उघडण्यास २ कोटी सदोष क्यूबिट व ८ तास लागतील, असे २०१९ साली गिडनी व एकेरो ह्यांनी मांडले होते. २०२५ च्या मे महिन्यात गिडनी ह्यांनीच तो आकडा १० लाखांच्या आत आणला. वेळ मात्र आठवड्याच्या आतला. यंत्र अजून कोठेच नाही. पण कागदावर पाहता सहा वर्षांत ते वीस पटींनी जवळ आले. आज चोरून साठवलेला मोहोरबंद लखोटा उद्या उघडता येईल, ही भीती गुप्त कागदपत्रे हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस अधिक जाणवेल. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या प्रकारच्या कुलपांची मानके जाहीर केली. यंत्र कधी होणार हे ठाऊक नसता कुलपे बदलणे, हाही एक शहाणपणाचाच भाग होय.

७

आपल्या देशाचा ह्या कथेशी संबंध लहान असला तरी जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली निर्वात नळ्यांचे एक गणकयंत्र आपल्याच लोकांनी बांधून चालविले. टिफ्रॅक हे त्याचे नाव. नळ्या जाणे, त्या बदलणे, आणि तरी हिशेब पुरा करणे, ही शिकवणी तेथील पिढीने हाताने घेतली होती. त्याच संस्थेत आता अतिसंवाहक क्यूबिट घडविले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये ती संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुणे येथील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा ह्यांनी मिळून सहा क्यूबिटांच्या यंत्राची आरंभापासून अखेरपर्यंत चाचणी पार पाडली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे, आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांची यंत्रे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे.

सहा हा आकडा ऐकून कुणी हसू नये, आणि हजार हा आकडा ऐकून कुणी दिपूनही जाऊ नये. वरील सर्व इतिहासाचे तात्पर्य आमच्या मते हेच आहे. प्रगतीच्या अहवालात आकडा मागण्याची सवय आपल्या कचेऱ्यांस आहे, आणि मागितलेला आकडा पुरविण्याची सवयही आहे. किती क्यूबिट झाले हे विचारणे सोपे. म्हणून तेच विचारले जाईल. परंतु उंबरठ्याच्या वर असलेले हजार क्यूबिट म्हणजे एकमेकांच्या चुका वाढविणारे हजार कारकून, आणि उंबरठ्याच्या खाली असलेले सतरा म्हणजे वाढीस योग्य असे बीज. ज्या देशात सतरा चांगले क्यूबिट घडविण्यासाठी लागणारी निगा, धातूची शुद्धता, शीतपात्रे व मोजमापाची उपकरणे पिकतील, त्या देशास हजार करणे हे पुढे खर्चाचे आणि धीराचे काम राहील. ज्या देशात नुसते हजार मोजले जातील, तेथे अहवाल भरेल, यंत्र चालणार नाही.

शोर, स्टीन, किताएव ह्यांचे कार्य आम्हांस मोठे वाटते ते ह्यासाठी की, निर्दोष अवयवाची वाट पाहत ते बसले नाहीत. दोष राहणारच असे मानून, दोष असतानाही खरे उत्तर कसे निघेल ह्याची रीत त्यांनी शोधली. आणि लँडावर, आरोश ह्यांच्यासारख्यांच्या शंका खऱ्या होत्या म्हणूनच त्या रीतीस इतकी धार आली. शंका घेणारा, मांडणी करणारा आणि थंड पात्राशी बसून धातूचा थर पुन्हा पुन्हा चढविणारा, ह्या तिघांनी एकमेकांची रुजुवात केली, तेव्हा कोठे १०१ क्यूबिटांची जाळी स्थिर राहिली. दहा लाखांची जाळी उभी राहावयाची असेल, तर ती ह्याच तिघांच्या हातून राहील.